बहिणीकडे चार दिवस : पुण्याच्या आडबाजूच्या पेठा पायी कशा पाहाव्यात

माझी ताई वाघोलीला राहते. पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा म्हटलं, "ताई, पुणं दाखव." तिनं रविवारी दाखवलं: शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग आणि परतताना नगर रोडवरचा मॉल. एका दिवसात पुणं संपलं. उरलेले तीन दिवस ताई आणि दाजी कामावर, मी बाराव्या मजल्याच्या बाल्कनीत कपडे वाळताना बघत बसलेला.

पुढच्या खेपांना हळूहळू लक्षात आलं की ताईला पुणं फारसं माहीतच नाही. तिला वाघोली ते खराडी माहीत आहे, आणि त्यातलेही सिग्नल जास्त. यात तिची काही चूक नाही. रोज तीन तास रस्त्यावर घालवणारं माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा रस्त्यावर कशाला जाईल? म्हणून आता मी तिला "दाखव" म्हणत नाही. एकटा फिरतो आणि रविवारी तिलाच घेऊन जातो. तुमचा भाऊ किंवा बहीण पुण्याच्या कडेला कुठे राहत असेल, तुमच्याकडे गाडी नसेल आणि हाताशी चार दिवस असतील, तर हे टिपण तुमच्यासाठी.

आधी उतरायचं कुठे ते ठरवा

ही चूक मी केलेली आहे. आंबाजोगाईहून बसलो आणि तिकीट शिवाजीनगरचं काढलं, कारण गावात सगळे "शिवाजीनगरला उतर" असंच सांगतात. शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं, हे मला तिथे उतरल्यावर कळलं. त्याहून वाईट म्हणजे आमची गाडी नगरकडून येताना वाघोलीतूनच आली होती. ताईच्या सोसायटीचं गेट मी खिडकीतून पाहिलं आणि पुढे गेलो. तिथून उलटं यायला दीड तास लागला.

तेव्हा भावंडाचं घर कोणत्या रस्त्यावर आहे ते आधी विचारा. मराठवाड्यातून नगरमार्गे येणाऱ्यांना वाघोली, खराडी वाटेतच लागते. सोलापूरकडून येणाऱ्यांना हडपसर लागतं, कोल्हापूर-साताऱ्याकडून येणाऱ्यांना कात्रज. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा, ऐनवेळी गाडी पुलावरून गेली की संपलं.

सुट्टीचा दिवसही विचारून घ्या. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आमच्या दाजींना गुरुवार, ताईला शनिवार-रविवार. दोघं एकत्र सापडतील अशी आशा मी सोडून दिली आहे.

पहिली सकाळ : सोसायटीच्या मागचं गावठाण

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. पुण्याभोवतीची सगळी उपनगरं मुळात गावं आहेत, आणि ती गावं अजून तिथेच आहेत, इमारतींच्या मागे. रिक्षावाल्याला "गावठाणात सोड" म्हणा. नाहीतर ग्रामदैवताचं नाव विचारा आणि चालत जा. वाकडला म्हातोबा, पाषाणजवळ सोमेश्वरवाडीत सोमेश्वर, धायरीत धारेश्वर. वाकड-हिंजवडीत तर चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघतं. ज्यांच्या काचेच्या इमारतींसमोरून ते जातं, त्यांतल्या निम्म्यांना त्या दिवशी फक्त "ट्रॅफिक का आहे" एवढाच प्रश्न पडलेला असतो.

वाघोलीत वाघेश्वराचं देऊळ आणि तळं आहे. तिथेच पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. हे वाघोलीचे सरदार थोरल्या बाजीरावांच्या बरोबरीनं मोहिमांवर होते. ताई सहा वर्षं तिथून दीड किलोमीटरवर राहत होती आणि तिला वाघेश्वर हे रिक्षा स्टॉपचं नाव वाटायचं. वाघोली महापालिकेत आली ती २०२१ साली, म्हणजे काल-परवा. देवळाच्या ओट्यावर बसणारे म्हातारे अजून "पुण्याला जाऊन येतो" असंच म्हणतात.

या पहिल्या फेरीचा उपयोग असा की संध्याकाळी भावंडाला सांगायला तुमच्याकडे काहीतरी असतं. पाहुणा म्हणून नुसतं खात बसण्यापेक्षा ते बरं.

एक काम मागून घ्या

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. जुन्या पेठांत रिकाम्या हातानं गेलात की तुम्ही फोटो काढणारे. काम घेऊन गेलात की गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला थांबता येतं, बसता येतं, चार प्रश्न विचारता येतात, कुणी "काय पाहिजे?" असं कपाळाला आठ्या घालून विचारत नाही. विचारलं तरी उत्तर असतं.

तेव्हा घरात काय मोडलंय, काय अडकलंय, काय बरेच दिवस आणायचं राहिलंय ते विचारा. ताईकडे आजीची तांब्याची घागर होती. आईनं लग्नात दिलेली, टेम्पोतून सामान आणताना पोचा पडलेली, तेव्हापासून माळ्यावर. मी ती उतरवली आणि पोत्यात गुंडाळली. तुमच्या भावाकडे घागर नसेल. मिक्सरचं भांडं असेल, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ असेल, नळाची जुनी तोटी असेल. रविवार पेठेतली बोहरी आळी अशाच किरकोळ, कुठेच न मिळणाऱ्या वस्तूंसाठी आहे.

दुसरी सकाळ : कसबा

वाघोलीहून पीएमपीच्या बसनं रामवाडी, रामवाडीहून मेट्रोनं जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून स्वारगेटच्या दिशेनं पहिलंच स्टेशन कसबा पेठ. जिल्हा न्यायालयाला वरच्या मार्गावरून खालच्या मार्गावर यायचं तर सरकते जिने उतरत राहावे लागतात; भुयारी फलाट जमिनीखाली साधारण ३३ मीटरवर आहे. घागर घेऊन उतरताना प्रत्येक मीटर कळतो. स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाला. त्याआधी कसब्यात जायचं म्हणजे मनपाला उतरून तंगडतोड. एक बारीक गोष्ट: स्टेशनातलं स्वच्छतागृह वापरून मगच बाहेर पडा. पेठेत पुढे सोय मिळेलच असं नाही.

सकाळी नऊ-साडेनऊला पोचा. फडके हौदापाशी बाहेर पडलात की आधी कसबा गणपतीला जाऊन या. हे पुण्याचं ग्रामदैवत, आणि कसबा ही पेठांमधली सगळ्यात जुनी वस्ती. वारांच्या नावाच्या पेठा नंतरच्या. त्यांच्याआधी इथे धंद्यांच्या आळ्या होत्या आणि त्यांची नावं अजून टिकून आहेत: तांबट आळी, शिंपी आळी, फणी आळी, व्यवहार आळी, नदीकडे कुंभारवाडा. सगळीकडे तो धंदा उरलेला नाही. फणी आळीत मी फण्या शोधल्या, लोक हसले.

तांबट आळीत मात्र कान असले की पुरे. पाटी शोधू नका, ठोके ऐका. पेशवाईत कोकणातून आलेली ही तांबटांची घराणी. पूर्वी बंब, हंडे, पराती हे त्यांचं काम. स्टील आणि प्लास्टिक आल्यावर घरगुती गिऱ्हाईक गेलं, आता तांबे-पेल्यांबरोबर शोभेच्या वस्तू, दिव्यांची झुंबरं अशा मागण्यांवर बरंच चालतं. भांड्यावर एकासारखे एक गोल ठोके दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. मला ती नुसती नक्षी वाटायची. एका तांबटकाकांनी माझ्या हातात दोन पत्रे दिले, एक बिनमठारलेला, एक मठारलेला, आणि म्हणाले, "वाकवा." पहिला वाकला. दुसऱ्यानं दाद दिली नाही. तापवलेलं तांबं मऊ पडतं, ठोके बसले की घट्ट होतं, म्हणून आजीच्या काळची घागर नातवापर्यंत येते. चमक हा वरचा फायदा.

काही रीतभात सांभाळा. आधी विचारा, मग उंबरा ओलांडा, कारण बहुतेक कारखाने म्हणजे त्यांच्या घराचाच पुढचा भाग. फोटो विचारून, आणि हातोडा चालू असताना मध्ये बोलू नका, एक ठोका चुकला की पत्र्यावर दिसतो. तांबं वजनावर विकलं जातं, मजुरी वेगळी, तेव्हा नव्या भांड्याला "शेवटचा भाव सांगा" करू नका. किरकोळ दुरुस्ती सगळे घेत नाहीत. मला दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्यानं घागर उलटी करून बुड पाहिलं, आणि "रविवारी या" म्हणाला. आणि हो, कल्हई इथे मागू नका, ते कल्हईवाल्याचं काम. स्वयंपाकाच्या तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, पाण्याच्या घागरीला नाही. हे मला माहीत नव्हतं आणि मी आळीत मोठ्यानं विचारलं होतं.

पत्ता विचारण्याबद्दल सांगायला हवं. पेठेत घरनंबरावर जाऊ नका. "११२३ कसबा" सापडलं म्हणजे ११२४ शेजारी असेलच असं नाही. मोबाइलच्या नकाशात बोळ येत नाहीत, आणि आले तरी दोन वाड्यांमधून ज्या फटीतून लोक पलीकडे जातात त्या येत नाहीत. इथे खुणा म्हणजे तालीम, हौद, मारुती आणि मंडळ. "अमक्या तालमीपाशी" एवढं विचारलंत की बरोबर हात दाखवतील. ज्येष्ठांना "काका", "आजोबा" म्हणा, "बॉस" नको.

हौदांचं विचाराल तर तेही सांगतो. फडके हौद, तांबट हौद ही आता चौकांची नावं वाटतात, पण ते पाण्याचे हौद. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळानं शहरात पाणी आणलं, तेव्हापासून पेठांत जागोजाग हौद. नळ बंद झाले, हौद बुजले, नावं राहिली.

पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद, हा विनोद तुम्ही ऐकला असेल. विनोद सोडा, पण कारागीर जेवायला घरात जातात आणि बोळ खरोखर निजतात. त्या वेळात अमृततुल्यमध्ये बसा किंवा घरी परता. मी परततो. ताईच्या घरी कुणी नसलं की झोप चांगली लागते.

तिसरी सकाळ : नागझरीच्या पलीकडे

कसब्याच्या पूर्वेला नागझरी नावाचा ओढा आहे. आता बघितलात तर गटार म्हणाल, पण जुनं पुणं इथे संपायचं. पलीकडे सोमवार, रास्ता, नाना, भवानी या पेठा. सदाशिव-नारायणात वाढलेले बरेच पुणेकर या बाजूला दवाखान्याखेरीज येत नाहीत. मला हेच पुणं जास्त आवडतं, आणि चार दिवसांपैकी एकच दिवस असेल तर मी तुम्हाला इथेच पाठवीन.

कमला नेहरू रुग्णालयाच्या बाजूनं सोमवार पेठेत शिरा आणि त्रिशुंड गणपती विचारा. बोळात वळल्यावर एकदम काळ्या दगडाचा देऊळभर कोरलेला दर्शनी भाग समोर येतो. पुण्यात असं कोरीव काम दुसरीकडे सहसा दिसत नाही. इंदूरजवळच्या धामपूरच्या भीमगिरजी गोसाव्यांनी १७५४मध्ये ते सुरू केलं. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. आत संस्कृत आणि फारसी असे दोन्ही शिलालेख आहेत. दर्शन घेऊन लगेच निघू नका. दाराच्या बाजूचा भाग खालून वर नीट पाहा, तिथे शिपाई साखळीनं गेंडा बांधताहेत. ते शिपाई इंग्रज आहेत आणि गेंडा म्हणजे बंगाल, असा अर्थ लावला जातो. खरं-खोटं मी सांगणार नाही, पण गणपतीच्या देवळावर गेंडा पाहायला मी तिथे तीनदा गेलो आहे. जवळच नागेश्वराचं जुनं देऊळ आहे, सावलीला बरं.

तिथून चालत रास्ता पेठ. सरदार रास्त्यांची म्हणून रास्ता. इथे उंटाड्या मारुती आहे, उंटांचा तळ असायचा तिथला. पुण्यातल्या देवांच्या नावांची थट्टा होते, पण मला ती पत्त्याची सगळ्यात सोपी पद्धत वाटते: देव कुठल्या धंद्याशेजारी बसला ते नावातच सांगून टाकलं. याच पेठेत १९२१चं सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायली यहुद्यांचं प्रार्थनास्थळ आहे. यहुद्यांचंच कॅम्पातलं लाल देऊळ सगळ्यांना ठाऊक, डेव्हिड ससूननं बांधलेलं, १८६७चं. हे लहान आणि आत दडलेलं. बेने इस्रायली मराठीच बोलतात. कोकणात ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आत जायला आधी परवानगी लागते, तेव्हा बाहेरूनच पाहून पुढे व्हा आणि गेटवर हुज्जत घालू नका. भूक लागली असेल तर याच पेठेत इडली-डोसा खा. दाक्षिणात्य कुटुंबांची इथे जुनी वस्ती आहे आणि सांबार बहुतेक ठिकाणी गोड नसतं. आमच्या मराठवाड्याच्या जिभेला ही मोठीच बातमी.

पुढे नाना पेठ. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं दोन्ही बाजूंना, मधून निवडुंग्या विठोबा. निवडुंगात सापडला म्हणून निवडुंग्या. आषाढी वारीला निघालेली तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते ती इथेच, आणि माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाला. तुमची पुण्याची खेप तेव्हा पडली तर बाकी सगळा बेत बाजूला ठेवा आणि या दोन पेठांत पहाटे जा. वाहनं बंद असतात, दुकानांच्या फळ्यांवर वारकरी झोपलेले, गल्लीगल्लीत चहा आणि पोहे. आमच्या गावची दिंडी मला आंबाजोगाईत कधी भेटली नाही, नाना पेठेत भेटली.

क्वार्टर गेटला सिटी चर्च आहे. सवाई माधवरावांच्या काळात, १७९२मध्ये, पेशव्यांच्या फौजेतल्या पोर्तुगीज ख्रिस्ती लोकांसाठी ही जागा दिली गेली. म्हणजे एका सकाळी चारेक किलोमीटरच्या चालण्यात तीन सोंडांचा गणपती, मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं देवस्थान, तुकोबांचा मुक्काम आणि पेशव्यांनी जागा दिलेलं चर्च. गाईड नको, तिकीट नको. पायात मात्र अशा वहाणा घाला की देवळापाशी चटकन निघतील आणि ओल्या फरशीवर घसरणार नाहीत.

पाय शिल्लक असतील तर तिथून रिक्षानं गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, फुलेवाड्यात जा. वेगळ्या दिवशी गेलात तर मंडई मेट्रो स्टेशनवरून वीसेक मिनिटं चालत. वाडा बैठा, साधा. अंगणात हौद आहे. १८६८मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. त्या हौदाच्या काठाशी उभं राहिलं की तो घराच्या दाराला किती लगटून आहे ते दिसतं, आणि शेजाऱ्यांना किती सहज दिसत असेल तेही. मी तिथे पाऊण तास होतो. दुसरं कुणी आलं नाही, फक्त एक आजी शिधापत्रिकेचं काम कुठे होतं ते विचारून गेली.

रविवार : भावंडाला घेऊन

आता बहिणीला किंवा भावाला बाहेर काढा. "चल फिरायला" म्हणून कुणी निघत नाही. "घागर आणायची आहे, मला एकट्याला उचलत नाही," म्हणा.

ताई आणि मी सकाळी सात वाजता निघालो. आधी नव्या पुलावर गेलो. नवा पूल म्हणजे शिवाजी पूल, १९२३चा. शंभर वर्षं उलटली तरी नवाच. त्यावर उभं राहून १२ जुलै १९६१ची गोष्ट सांगता येते: पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत वाडेच्या वाडे बसले. नारायण, शनिवार पेठेत जुन्या भिंतींवर कुठे कुठे पाणी किती चढलं त्याची खूण दिसते, डोक्याच्या बऱ्याच वर. गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्या पुराच्या धक्क्यातूनच वाढल्या. ताईचे एक सहकारी गोखलेनगरचे, त्यांनी "निस्सेन हट" हा शब्द सारखा वापरावा आणि हिला कळू नये, असं दोन वर्षं चाललं होतं. पूरग्रस्तांना राहायला दिलेल्या त्या अर्धगोल पत्र्याच्या खोल्या.

पुलावरून खाली उतरून ओंकारेश्वर, मग बोळाबोळांतून कसबा. रविवारी सकाळी पेठ सगळ्यात मोकळी असते, गाड्या नसतात, वाड्यांची दारं उघडी आणि मंडळाच्या कट्ट्यावर पेपर वाचणारे लोक. ज्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे त्यांनी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठावा, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. ताईला तिथे न्यायचं धाडस मी केलं नाही. तिच्या माळ्यावर जागा नाही.

घागर तयार होती. पोचा निघाला होता, पण काकांनी तेवढाच भाग मठारला होता, त्यामुळे जुन्या ठोक्यांमध्ये नवे ठोके वेगळे दिसत होते. मी म्हटलं, "काका, जरा वेगळं दिसतंय." ते म्हणाले, "दोन वर्षं चिंचेनं घासा, मग ओळखून दाखवा." मजुरी सांगितली ती ताईनं निमूट दिली, मी तयारी करून ठेवलेली घासाघीस वाया गेली.

मेट्रोच्या तपासणी यंत्रात घागर जाईना. शिपाईबाईंनी आत हात घालून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि विचारलं की दुरुस्ती कुठे करून मिळाली, त्यांच्या सासूबाईंचा हंडा गळतो. ताई म्हणाली, "फडके हौदावरून आत गेलात की ठोके ऐकू येतील." तुम्ही असं काही मोठं नेणार असाल तर स्कॅनरपाशी पाच मिनिटं जास्त धरा, आणि रामवाडीला वाघोलीची बस पकडताना मागच्या दारानं चढा, पुढे जागा मिळत नाही.